‘मग पोळ्या लाटताना त्याला ठेवू कुठे?’ : वॉकरचं एक प्रकरण

बाळ्याला माझ्याकडे आणलं ते तो अजून चालायचं नाव घेत नाही म्हणून. पडल्याचा विषय आजींनी अगदी शेवटी, चपला घालता घालता काढला, तोही हळू आवाजात.

मी बडोद्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. हे प्रकरण घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, आणि घरात सगळे ज्याला बाळ्या म्हणतात त्याला मीही इथे तेच म्हणणार आहे. वॉकर देऊ नका, हे वाक्य मी आजवर असंख्य आयांना सांगितलं असेल. त्या मान डोलावतात, घरी जातात आणि वॉकर चालूच राहतो. असं का होतं, हे मला या एका घरी जाऊन नीट कळलं.

घर दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतलं, जुनं. पुढे ओटला, ओटल्यावरून रस्त्याला उतरणाऱ्या तीन दगडी पायऱ्या. आत बैठकीची खोली आणि तिला लागूनच स्वयंपाकघर. आई सकाळी दहाला कामावर जाते ती साडेपाचला येते, बाबा मकरपुऱ्याला शिफ्टमध्ये. दिवसभर बाळ्या आजी-आजोबांपाशी. आजींचे दोन्ही गुडघे झिजलेले. खाली बसल्या की उठायला कुणाचा तरी हात लागतो. ही गुडघ्यांची गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

वॉकर आला उष्टावणाच्या दिवशी. मामाने भाच्याला पहिला घास भरवला आणि सोबत हा आणला : आठ चाकं, मधोमध कापडाची बैठक, समोर गाणी वाजवणारा ट्रे. बाळ्या तेव्हा साडेसहा महिन्यांचा होता. नुकता टेकून बसायला लागलेला, पण वॉकरमध्ये ठेवला की खोलीभर फिरायचा. सगळ्यांना कौतुक. “दोन महिन्यांत पळायला लागेल बघा,” असं शेजारणींनी सांगितलं.

माझ्याकडे आला तेव्हा तो कॅलेंडरने अकरा महिन्यांचा होता. जन्म मात्र पस्तिसाव्या आठवड्यातला. पाच आठवडे आधी आलेल्या मुलाचं वय विकासाच्या दृष्टीने मोजताना ते पाच आठवडे वजा करायचे असतात, हे घरात कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे माझ्या हिशोबाने समोर पावणेदहा महिन्यांचं बाळ होतं. शेजारचं अकरा महिन्यांचं मूल पावलं टाकतंय आणि आमचा नाही, ही आजींची निम्मी काळजी त्या एका वजाबाकीने हलकी झाली.

उरलेली निम्मी मात्र खरी होती. बाळ्या आधाराशिवाय छान बसत होता, दोन्ही हातांनी सारखं खेळत होता, हाक मारली की वळत होता. पालथा ठेवला की मात्र दहा सेकंदांत रडू. रांगणं नाही, सरपटणंही नाही. काही धरून उभं राहायचा प्रयत्न नाही. बसलेला असताना हलकेच बाजूला कलवला तर सावरायला हात पुढे यायला हवा, तो उशिरा आणि अर्धवट येत होता. आणि काखेत धरून उभा केला की टाचा जमिनीला लागतच नव्हत्या. चवड्यांवर, बोटं ताणून, नाचणारीसारखा.

टाचा वर म्हटलं की माझ्या डोक्यात आधी दुसऱ्या शंका येतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळात पाय कडक असतील तर मेंदूकडून येणाऱ्या ताठरपणाचा विचार करावाच लागतो. म्हणून त्याला आडवा झोपवून, खेळवत खेळवत घोटा वाकवून पाहिला. पाऊल सहज वर आलं, काटकोनाच्याही पुढे. स्नायू आखूड झालेला नव्हता, ताठरपणा नव्हता, दोन्ही बाजू सारख्या. बालरोगतज्ज्ञांनीही तपासून तसंच सांगितलं. तेव्हा उरली ती सवय. साडेचार महिने पायांनी एकच काम शिकलं होतं : चवडे मागे रेटायचे आणि जमीन ढकलायची.

वॉकरमध्ये मूल चालत नाही, ते बसून जमीन ढकलतं. अंगाचा भार कापडाच्या बैठकीवर, पाठीला चौफेर आधार, तोल सांभाळायचं काम चाकांचं. चालायला जे लागतं ते नेमकं उलटं : भार तळपायावर, टाच टेकलेली, एका पायावरचा तोल दुसऱ्यावर नेताना कंबरेच्या बाजूच्या स्नायूंची धडपड, आणि पाऊल कुठे पडतंय ते डोळ्यांना दिसणं. समोरच्या ट्रेमुळे बाळ्याला स्वतःचे पायच दिसत नव्हते. शिवाय एखादी वस्तू हवी असेल तर जमिनीवरचं मूल पालथं होतं, सरपटतं, काहीतरी धरून उठतं. बाळ्या एक रेटा द्यायचा आणि पोहोचायचा. मग रांगायची गरज त्याला वाटावी कशी?

यावर अभ्यास झालेले आहेत. आयर्लंडमध्ये १९० बाळांवर झालेला एक अभ्यास २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यात वॉकरमध्ये घालवलेल्या दर चोवीस तासांमागे एकट्याने चालणं सरासरी ३.३ दिवसांनी आणि एकट्याने उभं राहणं ३.७ दिवसांनी पुढे गेलेलं दिसलं. त्याआधी १९९९ साली अमेरिकेत १०९ बाळांच्या अभ्यासातही वॉकरवाली मुलं बसायला, रांगायला आणि चालायला उशीर करताना दिसली होती. उलट बाजूही सांगायला हवी : जुळ्यांवरच्या एका जुन्या, छोट्या अभ्यासात चालण्याच्या वयात ठळक फरक सापडला नव्हता. पण वॉकरमुळे मूल लवकर चालतं, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. उशीर किती, यावर वाद होऊ शकतो. फायदा आहे का, यावर वादाला जागा दिसत नाही.

मी आईला आठवडाभर वेळा लिहायला सांगितल्या. सकाळी डबे होईपर्यंत पाऊण तास, दुपारी आजींचं जेवणखाण आणि मागचं आवरेपर्यंत तास, संध्याकाळचा स्वयंपाक सव्वा ते दीड तास. दिवसाला तीन तास. साडेचार महिन्यांचे सुमारे चारशे तास झाले. आयर्लंडचा आकडा लावला तर दोन महिन्यांना थोडे कमी एवढा उशीर निघतो. तो हिशोब मी कागदावर केला आणि घरच्यांना दाखवला नाही. एका गटाची सरासरी एका मुलावर अशी चिकटवता येत नाही. आणि आधीच मनात खात असलेल्या माणसांना आणखी खायला घालून काय मिळवायचं होतं?

उत्तरायणचा दिवस

आता ते पडणं.

चौदा जानेवारी, बाळ्या साडेदहा महिन्यांचा. बडोद्यात उत्तरायणला घराचं दार बंद राहतच नाही. अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, जाणाऱ्या-येणाऱ्यांचा राबता, तिळगूळ घ्यायला आलेले शेजारी. बाळ्या वॉकरमध्ये, आजोबा त्याच खोलीत खुर्चीवर. कुणीतरी आलं, दार उघडं राहिलं. बाळ्याने प्रकाशाकडे रेटा दिला. वॉकर अडवायला उंबऱ्यावर लावलेली पट्टी सणाच्या पाहुण्यांच्या पायात नको म्हणून काढलेली होती. तो ओटल्यावर गेला आणि वॉकरसकट तीन पायऱ्या खाली.

कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. लगेच रडला, उलटी नाही, शुद्ध हरपली नाही. दवाखान्यात नेऊन काही तास नजरेखाली ठेवलं आणि घरी पाठवलं. बाळ्या सुटला. आजोबा सुटले नाहीत. मी रविवारी घरी गेले तेव्हा ते माझ्याशी बोलायलाच तयार नव्हते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मी बघतच होतो हो. उठलो तोवर झालं होतं.”

त्या दिवशी मी एक साधी गोष्ट केली. दार लावून घेतलं, बाळ्याला एकदाच, शेवटचं, वॉकरमध्ये ठेवलं आणि दारापाशी त्याच्या आईला खुळखुळा घेऊन उभं केलं. आजोबांच्या खुर्चीपासून दार साधारण साडेतीन मीटर. आजोबांच्या हातात मोबाईलवरचं घड्याळ दिलं. बाळ्याला चार सेकंदही लागले नाहीत. वॉकरमधलं मूल सेकंदाला मीटरभर सहज जातं. सत्तरीतल्या माणसाला खुर्चीतून उठून पहिलं पाऊल टाकायलाच दोन सेकंद जातात.

“आजोबा, तुमच्या जागी मी असते तरी पोहोचले नसते,” मी म्हटलं. आणि हे बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. वॉकरचे बरेचसे अपघात मोठं माणूस समोर असतानाच होतात, हे बालरोगतज्ज्ञांनी अनेकदा नोंदवलेलं आहे. लक्ष ठेवा म्हणजे झालं, हा सल्ला इथे चालत नाही, कारण वस्तूचा वेग माणसाच्या वेगापेक्षा जास्त आहे.

अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात पंधरा महिन्यांखालच्या सुमारे २,३०,००० मुलांना वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी तातडीच्या विभागात न्यावं लागलं, असा अंदाज २०१८ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. त्यांतल्या दहांतल्या नऊ दुखापती डोक्याला किंवा मानेला, आणि जवळपास तीन चतुर्थांश मुलं जिन्यावरून पडलेली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००१ सालीच चाकांचे वॉकर बनवण्या-विकण्यावर बंदी मागितली. कॅनडाने २००४ च्या एप्रिलमध्ये ती आणलीही : विक्री, आयात, जाहिरात, सगळ्यावर. तिथे जुना वॉकर घराबाहेर मांडून विकणंही बेकायदेशीर आहे.

घरभर फिरून मी बाकीच्या जागा पाहिल्या. टीपॉयवर चहाचे कप, वॉकरमधल्या बाळाच्या हाताच्या बरोबर उंचीवर. टेबलाचं लोंबणारं कापड. फ्रीजमागची वायर. मोरीची बादली भरलेली. आधी जमिनीवर असलेलं मूल वॉकरमुळे एकदम हातभर उंच होतं, आणि घर त्या उंचीसाठी आवरलेलं नसतं. चहाचं मला जास्त भय वाटतं. इतक्या लहान मुलाची कातडी पातळ असते, अर्धा कप पुरतो. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, मग दवाखाना. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. हे मी जाता जाता सांगितलं, आणि आजींनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

हात मोकळे

सगळं सांगून झाल्यावर बाळ्याची आई म्हणाली, “ताई, पटतंय सगळं. पण मग पोळ्या लाटताना त्याला ठेवू कुठे?”

अनेक वर्षं मी ज्या प्रश्नाला हसून बगल दिली, तो हा. या घरात वॉकर चालायला शिकवायला नव्हताच. तो दिवसाचे तीन तास सांभाळत होता. आजींना तर त्याचा दुसराच आधार होता : बाळ वॉकरमध्ये असलं की त्याला जमिनीवरून उचलायला वाकावं लागत नव्हतं. जी वस्तू घरात एवढं काम करते ती नुसती काढून घेतली तर ते काम कुणावर तरी पडणार, आणि आठवड्यात ती वस्तू परत येणार. पर्याय शोधायचा तर आधी त्या तीन तासांचा आणि त्या गुडघ्यांचा शोधायला हवा होता.

बैठकीच्या खोलीत भिंत आणि दिवाण यांचा एक कोपरा होता. तिथे जाड सतरंजी घातली, उरलेल्या दोन बाजूंना गल्लीतल्या सुताराकडून अडीच फूट उंचीचा लाकडी कठडा करून घेतला. पट्ट्यांमधली फट मुलाचं डोकं अडकणार नाही इतकी लहान, कडा घासलेल्या. शेजारी आजींची उंच खुर्ची. दिवाण बाळ्याच्या छातीच्या थोडा खाली येत होता, म्हणजे उद्या धरून उठायला आणि पुढे धरून सरकायला तोच कामी येणार. ओटल्याकडच्या दारालाही तसाच कठडा, आतून खिट्टीचा. कोपरा असा ठेवला की पोळपाटापाशी उभी असलेली आई त्याला दिसावी. बाळ्याला आई दिसली की अर्ध्याहून जास्त रडणं थांबतं, हे तिनेच सांगितलं.

सकाळचा पाऊण तास दोन तुकड्यांत : वीस मिनिटं पट्टा लावलेल्या उंच खुर्चीत, स्टीलच्या दोन वाट्या आणि लाटण्याचा छोटा भाऊ घेऊन; उरलेला वेळ कोपऱ्यात. उचलून ठेवायचं काम सकाळी बाबांचं किंवा आईचं. दुपारी आजोबांचं, कारण त्यांचे गुडघे शाबूत होते. आजोबांनी ही जबाबदारी फार मनावर घेतली. ते सतरंजीवर बाळ्याच्या समोर पालथे झोपू लागले.

व्यायाम म्हणावं असं फार थोडं दिलं. छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पालथं, सुरुवातीला दोन-दोन मिनिटं. मग आजोबांच्या मांडीवर, किंवा पाटावर, असं बसवायचं की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील, आणि खेळणं दिवाणाच्या काठावर. ते घ्यायला उठताना भार टाचेवरून जातो. गुडघ्यावर हलकासा हात ठेवला की पुरे. घरात पाय उघडे, बूट-मोजे नाहीत, म्हणजे तळव्याला लादी कळते. एवढंच.

पहिला आठवडा वाईट गेला. वॉकर जिथे उभा असायचा त्या जागेकडे बोट करून बाळ्या रडायचा. आजींनी दोनदा तो माळ्यावरून काढून दिला आणि मला फोन करून स्वतःच सांगितलं. मी रागावले नाही. गुडघे त्यांचे होते. तिसऱ्या आठवड्यात तो कोपरांवर सरपटू लागला, आधी मागे, मग पुढे. सहाव्या आठवड्यात हातापायांवर रांगला. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांच्या निरीक्षणातून, त्यात आपल्या दिल्लीचीही मुलं होती, जे टप्पे २००६ साली मांडले त्यात रांगण्याचा पल्ला ५.२ ते १३.५ महिन्यांचा आहे, आणि शंभरातली चारेक मुलं हातापायांवर रांगतच नाहीत. तेव्हा रांगला नसता तरी मी घाबरले नसते. पण रांगला, आणि पडताना हात पुढे यायला लागले, याचा मला जास्त आनंद झाला.

बाळ्या तेरा महिन्यांचा होऊन दिवाण धरून उभा राहू लागला, तेव्हा आजींनी माळ्यावरून आणखी एक वस्तू काढली. संखेड्याची चालणगाडी. तीन चाकांची, लाखेच्या रंगाची, बाळ्याचे बाबा जिच्यामागे चालायला शिकले ती. मराठीत आपण तिला पांगुळगाडा म्हणतो. बडोद्यात राहून आमच्या तोंडी चालणगाडी बसलंय. “हीपण वाईटच का?” आजींनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात थोडं आव्हान होतं.

नाही. दोन्हींत मोठा फरक आहे. गाडी ढकलणारं मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं, भार तळव्यावर असतो, पाय दिसतात, दमलं की हात सोडून खाली बसता येतं. पण ते स्वतः उठून उभं राहत असेल आणि फर्निचर धरून बाजूला सरकत असेल तेव्हाच ती द्यायची. त्याआधी गाडी पुढे निसटते आणि मूल तोंडावर पडतं. बाबांनी खिळे आणि चाकं पाहिली, खालच्या दांड्यावर पाच किलो तांदळाची पिशवी बांधली म्हणजे ती पळणार नाही. जुन्या रंगाचे पोपडे निघत होते. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि या वयात सगळं तोंडात जातं, म्हणून ती आधी संखेड्याच्याच कारागिराकडून नवा रंग लावून आणली. चौदाव्या महिन्यात बाळ्या ती ढकलू लागला, मोठं माणूस शेजारी असतानाच, दिवसातून दहा-पंधरा मिनिटं. टाचा तोवर टेकत होत्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, सव्वापंधरा महिन्यांचा असताना, तो दिवाण सोडून आजोबांपर्यंत चार पावलं एकटा गेला. वेळेआधीचे पाच आठवडे वजा केले तर चौदा महिने. एकट्याने चालण्याचा पल्ला ८.२ ते १७.६ महिने आहे, तेव्हा हा त्या पल्ल्याच्या आतलाच मुलगा. वॉकर काढला म्हणून तो चालला, असा दावा मी करणार नाही. एका मुलावरून ते सांगता येत नाही, आणि काढला नसता तरी कदाचित तो याच सुमारास चालला असता. टाचा, पालथं पडणं आणि सावरणारे हात यांत पहिल्या सहा आठवड्यांत पडलेला फरक मात्र मी डोळ्यांनी पाहिला. अठरा महिन्यांपर्यंत मूल एकटं चालत नसेल, एकाच बाजूचा हात किंवा पाय वापरत असेल, किंवा पाय सतत कडक अथवा फार सैल वाटत असतील, तर मात्र वॉकर होता की नव्हता हा विचार बाजूला ठेवून तपासून घ्यायला हवं.

वॉकरचं काय करायचं, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मामाने प्रेमाने दिलेला, जवळजवळ नवा. गल्लीतल्या एका मुलीला दिवस गेले होते, तिला द्यावा असं आजींच्या मनात होतं. शेवटी आजोबा म्हणाले, “आपल्या दारातून जे पडलं ते दुसऱ्याच्या दारात नको.” बाबांनी चाकं काढली, बैठक कापली आणि मग भंगारवाल्याला दिला. मामाला आईने स्वतः फोन करून सांगितलं. तो काही वेळ गप्प होता, मग म्हणाला, “दादांना लागलं नाही ना फार मनाला?” दादा म्हणजे आजोबा.

चालायला लागल्यावर आजींना नवी काळजी लागली : हा फार पडतो. मी त्यांना न्यूयॉर्कमधल्या एका निरीक्षणाची गोष्ट सांगितली. २०१२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात, असं मोजलं गेलं. पडतात ती स्वतःच्या उंचीवरून, बहुतेकदा बुडावर, आणि लगेच उठतात.

दोन दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. मागे बाळ्याचा आणि आजोबांचा आवाज येत होता. “ताई, आज मी खुर्चीत बसून मोजलं,” त्या म्हणाल्या. “अर्ध्या तासात अकरा वेळा पडला. अकराही वेळा आपला आपण उठला, मला वाकावं लागलं नाही.”